उपाहारगृहाची तपासणी आणि गिऱ्हाइकाचा हक्क

दर चार-सहा महिन्यांनी वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर एका ठराविक साच्याची बातमी येते. एखाद्या वसतिगृहातील मुलांना, लग्नाच्या पंगतीतील पाहुण्यांना किंवा रविवारी बाहेर जेवायला गेलेल्या कुटुंबाला उलट्या-जुलाब सुरू होतात. काहींना रुग्णालयात दाखल करावे लागते. अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी येतात, उरलेल्या अन्नाचे नमुने घेतात, नमुने प्रयोगशाळेकडे रवाना होतात आणि बातमी तेथेच संपते. त्या नमुन्यांत काय निघाले, ते उपाहारगृह पूर्वी कधी तपासले गेले होते काय, तपासले असल्यास अधिकाऱ्याने कोणते दोष दाखवले होते आणि ते दूर झाले होते काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर वाचकाला सहसा मिळत नाही. काही दिवसांनी त्याच दारावर तीच पाटी लागते, कढई पुन्हा तापते आणि नवी गिऱ्हाइके निःशंकपणे आत शिरतात.

या बातमीत दोषी कोण, याची चर्चा नेहमीच होते. मालकाचा हावरेपणा, अधिकाऱ्यांची ढिलाई, कामगारांचे अज्ञान ही कारणे आलटूनपालटून सांगितली जातात, आणि त्या प्रत्येकात थोडेफार तथ्य असते. परंतु एक मूलभूत प्रश्न मात्र बाजूला राहतो. उपाहारगृहाच्या तपासणीचा जो अहवाल सरकारी अधिकारी सरकारी खर्चाने तयार करतो, तो कोणाच्या मालकीचा? तो मालक आणि सरकार या दोघांतील खाजगी पत्रव्यवहार समजायचा, की ज्याच्या पोटासाठी ही सारी यंत्रणा उभी केली त्या गिऱ्हाइकालाही तो पाहण्याचा अधिकार आहे? अन्नसुरक्षेच्या प्रश्नाची किल्ली बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

विश्वासाचा जुना आधार

बाहेरचे अन्न खाणे ही आपल्या समाजात फार जुनी गोष्ट नव्हे. शहरे वाढली, गिरण्या आणि कचेऱ्या निघाल्या, माणसे गाव सोडून एकटी राहू लागली, तेव्हा खानावळींची गरज निर्माण झाली. त्या काळी अन्नावरचा विश्वास ओळखीवर आणि जातीवर उभा होता. अमक्या जातीचा आचारी, अमक्या गावची बाई, अमक्या धर्माचे उपाहारगृह, असे पाट्यांवर स्पष्ट लिहिलेले असे. त्या ‘शुद्धते’चा आरोग्याशी काहीही संबंध नव्हता, ती सामाजिक उतरंडीची खूण होती आणि तिने असंख्य माणसांचा अपमान केला. पण गिऱ्हाइकाला काहीतरी आधार लागतो आणि दुसरा आधार नसला, की तो असल्या खुणांना धरून बसतो, हेही त्या पाट्यांवरून दिसते.

मुंबईच्या गिरणगावात हा विश्वास दुसऱ्या प्रकारे बांधला गेला. तेथे कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका त्यांच्याच चाळींत राहत. ज्यांच्यासाठी भाकऱ्या थापायच्या, ती माणसे रोज समोर दिसत; अन्न बिघडले तर तोंड लपवायला जागा नसे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने या खानावळवाल्या बायकांना संघटित केले, तेव्हा एका मोठ्या अदृश्य व्यवसायाची समाजाला प्रथम नीट ओळख झाली. तेथे कोणी तपासनीस नव्हता. रोजच्या ओळखीचा धाक मात्र होता.

आज हे दोन्ही आधार गेले आहेत. पहिला गेला हे चांगलेच झाले. दुसरा काळाच्या ओघात गेला. परगावी शिकणारा विद्यार्थी ज्या मेसमध्ये महिन्याचे पैसे भरतो, तिच्या भटारखान्यात त्याने कधी पाऊल टाकलेले नसते. कचेरीतील कारकून दुपारी ज्या उपाहारगृहात राइस प्लेट मागवतो, तेथील आचारी दर सहा महिन्यांनी बदलतो. आणि आता तर भ्रमणध्वनीवरून मागवलेले जेवण कोणत्या गल्लीतील कोणत्या खोलीत शिजले, हेही खाणाऱ्याला ठाऊक नसते. यातील अनेक ठिकाणांना परवानाही नव्हता, हे २०१८ मध्ये उघड झाले. त्या वर्षी केंद्रीय प्राधिकरणाने दट्ट्या लावल्यावर घरपोच अन्न पुरवणाऱ्या कंपन्यांना आपल्या यादीतून दहा हजारांहून अधिक विनापरवाना उपाहारगृहे काढून टाकावी लागली.

न दिसणारा दोष

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर उपाहारगृहाच्या व्यवहारात विकणाऱ्याला सारे ठाऊक असते आणि विकत घेणाऱ्याला फारच थोडे. अशा बाजाराचे काय होते, याचे विवेचन जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन केले. पुढे २००१ मध्ये त्यांना या विषयातील कार्याबद्दल नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : चांगला माल कोणता आणि वाईट कोणता हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींना सरासरी भाव देतो; त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही; आणि हळूहळू चांगला माल बाजारातून उठतो.

हे विवेचन भटारखान्याला लावून पाहावे. कच्चे मांस आणि शिजलेले अन्न यांसाठी वेगळे फळे आणि सुऱ्या ठेवणे, पाण्याच्या टाक्या वेळच्या वेळी धुणे, शीतपेटी पुरेशी थंड राहील हे पाहणे, आजारी कामगाराला पगारी सुट्टी देणे, रात्री उरलेली भाजी टाकून देणे या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो. परंतु गिऱ्हाइकाला यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसते ती वातानुकूलित खोली, चकचकीत मेज आणि वाढप्याचा गणवेश. साहजिकच मालकाचा पैसा दिसणाऱ्या गोष्टींवर जातो. प्रामाणिक मालक न दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च करतो, तेव्हा त्याचा शेजारी तीच थाळी दहा रुपये स्वस्त विकून त्याला मागे टाकतो. स्वच्छतेची शिक्षा आणि घाणीला बक्षीस, असा हा उफराटा न्याय आहे.

चवीवरून किंवा वासावरून दोष ओळखता येईल, ही समजूतही फसवी आहे. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला, तर त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढून विष तयार होऊ शकते. आचाऱ्याच्या हातावरील जखमेतून अन्नात गेलेला स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू जे विष सोडतो, ते पदार्थ पुन्हा उकळला तरी नाहीसे होत नाही. साधारणतः ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानाच्या पट्ट्यात जिवाणूंची वाढ झपाट्याने होते आणि आपल्या हवेत उघड्यावर ठेवलेले अन्न बारा महिने याच पट्ट्यात असते. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलाचेही तसेच. त्यातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक असू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला. पण कढईतील तेलाकडे नुसते पाहून हे प्रमाण सांगणे कोणाही गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. शिवाय काही रोगांची लक्षणे खाल्ल्यानंतर दोन-तीन दिवसांनी दिसतात. तोवर माणूस चार ठिकाणी जेवलेला असतो. दोष कोणाच्या माथी मारणार?

दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मृत्युमुखी पडतात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. मृतांमध्ये सव्वा लाख पाच वर्षांखालील मुले होती. यात घरातले अन्नही आले, हे खरे. परंतु घरातील दोष घरच्या माणसाला सुधारता येतो. बाहेरच्या अन्नाबाबत गिऱ्हाइकाच्या हाती फक्त एकच गोष्ट असते : तेथे जायचे की नाही, हे ठरवणे. आणि ते ठरवण्यासाठी लागणारी माहितीच त्याच्यापाशी नसते.

कायद्याने काय दिले

सरकारने हात बांधून घेतले आहेत, असे मात्र म्हणता येणार नाही. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा अर्धशतकाहून अधिक काळ चालला. त्याचा रोख मुख्यतः दुधातील पाणी, मिरचीतील विटकरीची पूड, तुपातील वनस्पती तूप अशा भेसळीवर होता. माल शुद्ध पण मोरीशेजारी चिरलेला, या प्रकाराकडे त्याचे लक्ष कमी होते. त्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली. तो ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला आणि त्याने दृष्टी व्यापक केली. परवान्याबरोबर स्वच्छतेच्या अटी आल्या. पाणी, सांडपाणी, कीटक, कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, भांडी, साठवण यांचे तपशीलवार नियम परिशिष्टात घातले गेले. २०११ च्या नियमावलीने वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्या छोट्या व्यावसायिकांना नुसती नोंदणी पुरेशी ठरवली आणि त्यावरच्यांना परवाना आवश्यक केला.

दोष आढळल्यास अधिकाऱ्याच्या हाती पायरीपायरीने वाढत जाणारे उपाय देण्यात आले. कलम ३२ प्रमाणे आधी सुधारणेची नोटीस. ती पाळली नाही तर परवाना स्थगित आणि पुढे रद्द. लोकांच्या आरोग्यास तातडीचा धोका असेल तर कलम ३४ प्रमाणे तत्काळ मनाई. अस्वच्छ रीतीने अन्न तयार करण्याबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम ५६ मध्ये करण्यात आली. असुरक्षित अन्नाने मृत्यू ओढवल्यास किमान सात वर्षांच्या कारावासाची तरतूद कलम ५९ मध्ये आली. मृताच्या वारसांना किमान पाच लाख रुपये भरपाईचीही सोय झाली. कलम ४० ने तर सामान्य खरेदीदारालाही, शुल्क भरून, अन्नाचा नमुना तपासून घेण्याचा अधिकार दिला. कागदावर पाहता ही रचना कोणत्याही पुढारलेल्या देशाच्या कायद्याला शोभेल अशीच आहे.

उणीव आहे ती वेगळ्या ठिकाणी. या साऱ्या पायऱ्या मालक आणि अधिकारी यांच्यामधल्या आहेत. सुधारणेची नोटीस निघाली, हे दाराशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला कळण्याची सोय त्यांत नाही. भिंतीवर टांगलेला परवाना किंवा बिलावर छापलेला चौदा अंकी क्रमांक एवढेच सांगतो, की या धंद्याची सरकारदरबारी नोंद आहे. गेल्या तपासणीत भटारखान्यात काय आढळले, यावर तो मौन पाळतो. विद्यापीठाने विद्यार्थ्याला फक्त परीक्षेचा बैठक क्रमांक जाहीर करावा आणि गुणपत्रिका कपाटात ठेवावी, तसाच हा प्रकार झाला.

केंद्रीय प्राधिकरणाने उपाहारगृहांना स्वच्छतेचा दर्जांक देण्याची योजना आखली, तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र ती ऐच्छिक स्वरूपात पुढे आली. ज्याला आपली परीक्षा व्हावी असे वाटते, तो परीक्षेला बसतो. आणि परीक्षण करणाऱ्या खाजगी संस्थेची फीही तोच भरतो. काटेकोर सिद्धांत असे सांगतो, की चांगल्यांनी आपले गुण स्वतःहून जाहीर केले की गप्प राहणाऱ्यांकडे गिऱ्हाईक संशयाने पाहील आणि अखेर सर्वांनाच बोलावे लागेल. प्रत्यक्षात भुकेलेला माणूस न लावलेली पाटी वाचत नाही. ऐच्छिक योजनेत जे येतात ते बहुधा आधीच स्वच्छ असतात. ज्यांच्यासाठी योजना हवी, ते बाहेरच राहतात.

इतरांचा अनुभव

तपासणीचा निकाल दारावर लावण्याचा प्रयोग जगात अनेक ठिकाणी झाला आहे आणि त्याचे गुणदोष आता तपासून पाहण्याजोगे आहेत. अमेरिकेतील लॉस एंजेलिस परगण्यात १९९७ च्या अखेरीस एका दूरचित्रवाणी वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने भटारखान्यांची दृश्ये दाखवली. लोकक्षोभ इतका झाला, की जानेवारी १९९८ पासून तेथे श्रेणीची पत्रके दर्शनी भागात लावणे सुरू झाले. नव्वदीच्या वर गुण असतील तर ‘ए’, ऐंशीच्या वर ‘बी’, सत्तरीच्या वर ‘सी’. न्यूयॉर्क शहराने जुलै २०१० मध्ये हीच वाट धरली. डेन्मार्कने २००१ पासून हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची चिन्हे वापरली आणि त्यांसोबत तपासणीचा अहवालच प्रवेशद्वाराशी लावण्याचे बंधन घातले. ब्रिटनमध्ये २०१० च्या अखेरीपासून शून्य ते पाच अशा अंकांची योजना आली. तिच्यात अन्न हाताळण्याची पद्धत, इमारतीची स्थिती आणि व्यवस्थापनावर टाकता येण्याजोगा विश्वास, अशा तीन गोष्टी पाहिल्या जातात. वेल्सने २०१३ मध्ये आणि उत्तर आयर्लंडने २०१६ मध्ये हा अंक दारावर लावणे सक्तीचे केले. इंग्लंडने तो लावणे मालकाच्या इच्छेवर सोडले, परंतु सर्वांचे अंक सार्वजनिक यादीत उपलब्ध ठेवले.

या प्रयोगांनी काय साधले? जिन आणि लेस्ली या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये लॉस एंजेलिसचा अभ्यास प्रसिद्ध केला. पत्रके लागल्यावर उपाहारगृहांचे गुण वाढले, गिऱ्हाइके चांगल्या श्रेणीकडे वळली आणि अन्नजन्य रोगांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे २० टक्क्यांनी घटली, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो जगभर उद्धृत झाला. परंतु २०१९ मध्ये डॅनिएल हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा चित्र बदलले. पत्रके लागण्यापूर्वीच्या काळात दक्षिण कॅलिफोर्नियात साल्मोनेला जिवाणूची मोठी साथ येऊन गेली होती. ती ओसरल्यामुळे आकडे उतरले होते, आणि ते श्रेय श्रेणीपत्रकांच्या पदरात पडले होते. त्याआधी २०१२ मध्ये हो यांनीच दाखवले होते, की सॅन डिएगोमध्ये जवळजवळ सर्वच उपाहारगृहांना ‘ए’ मिळत असे, आणि न्यूयॉर्कमध्ये एका तपासणीतील गुणांवरून पुढच्या तपासणीचा अंदाज फारसा बांधता येत नसे. लॉस एंजेलिसमध्येही नव्वदीच्या किंचित वर गुणांची दाटी झालेली होती. काठावरच्या विद्यार्थ्याला एक-दोन गुण वाढवून देणारा परीक्षक सर्वत्र असतो!

यावरून श्रेणी जाहीर करणे व्यर्थ आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. या अनुभवाचा खरा धडा असा, की सारा भार एका अक्षरावर टाकू नये. एका अक्षरात एका दिवसाचे, एका अधिकाऱ्याचे मत असते; आणि त्या अक्षरावर धंद्याचे नशीब टांगले, की ते अक्षर विकत घेण्याचा मोह वाढतो. डेन्मार्कच्या पद्धतीत गिऱ्हाइकाला चिन्हासोबत अहवाल आणि मागील काही तपासण्यांचे निकालही दिसतात; ब्रिटनमध्ये मालकाला उत्तर देण्याचा, दाद मागण्याचा आणि दोष सुधारल्यावर फेरतपासणी मागण्याचा हक्क आहे. अक्षरापेक्षा नोंद महत्त्वाची आणि एका नोंदीपेक्षा नोंदींची मालिका महत्त्वाची, हे तत्त्व त्यातून निघते.

आपल्याकडील अडचणी

हे तत्त्व आपल्याकडे जसेच्या तसे लावता येईल काय, याबद्दल शंका घेतल्या जातात आणि त्या दुर्लक्षणीय नाहीत. पहिली शंका यंत्रणेच्या विश्वासार्हतेची. केंद्रीय लेखापरीक्षकांच्या २०१७ मधील अहवालाने दाखवून दिले, की पाहणीत आलेल्या राज्यांच्या ७२ अन्न प्रयोगशाळांपैकी ६५ प्रयोगशाळांना आवश्यक ती मान्यताच नव्हती. त्याआधी ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मॅगी शेवयांवरील बंदी रद्द ठरवली, तेव्हाही कंपनीला म्हणणे मांडण्याची संधी न मिळणे आणि अमान्य प्रयोगशाळांत झालेली तपासणी, हे दोन मुद्दे निर्णायक ठरले. ज्या यंत्रणेचा निष्कर्ष न्यायालयात टिकत नाही, तो गावभर लावायचा कसा, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला धुडकावून लावता येणार नाही.

दुसरी शंका हप्त्याची. अधिकाऱ्याच्या हाती दारावरच्या पाटीची सत्ता आली, तर त्याचा दर वाढेल, असे व्यावसायिक म्हणतात. ही भीती निराधार नाही. परंतु अहवाल गुप्त असल्याने ती कमी होते, हे म्हणणेही खरे नाही. उलट हप्ता वाढतो तो अंधारात. आज अधिकाऱ्याने दोष पाहून डोळेझाक केली काय किंवा नसलेला दोष दाखवून धमकावले काय, तिसऱ्याला पत्ता लागत नाही. अहवाल सर्वांसमोर असेल, तर एकाच अधिकाऱ्याच्या हद्दीतील सर्व भटारखाने निर्दोष कसे, किंवा गेल्या महिन्यात उत्तम ठरलेल्या ठिकाणी आज पन्नास मुले आजारी कशी पडली, असे प्रश्न विचारता येतात. उघडी नोंद मालकावर लक्ष ठेवते, तशीच ती तपासनिसावरही ठेवते.

तिसरी शंका छोट्या माणसाची आहे आणि ती सर्वांत मोलाची आहे. वडापावची गाडी लावणारा किंवा चार विद्यार्थ्यांचे डबे करणारी विधवा बाई यांना पंचतारांकित उपाहारगृहाच्या मोजपट्टीने मोजले, तर स्वच्छतेच्या नावाखाली गरिबाचा धंदा बुडेल. ज्या रस्त्यावर महापालिकेचा नळ नाही आणि सांडपाण्याला वाट नाही, तेथे हात धुण्याच्या कुंडीअभावी गाडीवाल्याचे गुण कापणे म्हणजे पालिकेचा दोष त्याच्या खात्यावर मांडणे होय. येथे प्रशिक्षण, स्वच्छ पाणी आणि स्वस्त कर्ज आधी आले पाहिजे, पाटी नंतर.

यांखेरीज एक प्रवृत्ती आपल्याकडे बळावते आहे, तिचाही विचार हवा. मे २०२२ मध्ये केरळमधील कासरगोड जिल्ह्यात शवर्मा खाल्ल्यानंतर एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. त्यानंतर राज्यभर तपासणीची मोहीम निघाली. २०२४ मध्ये हैदराबादेत तेलंगणाच्या अधिकाऱ्यांनी नामांकित उपाहारगृहांवर छापे घालून आढळलेले दोष नावानिशी प्रसिद्ध केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि अशा कारवाईने काही काळ धाक बसतो, यात संशय नाही. परंतु छापा आणि नोंद यांत फरक आहे. छाप्यात कोणाचे दार ठोठवायचे ते आधी ठरते. ज्याचे दार ठोठावले नाही, तो निर्दोष ठरत नाही. छाप्याची बातमी होते. महिन्याभराने त्या मालकाने सुधारणा केली, तर त्याची बातमी होत नाही. नियमित तपासणीची नोंद सर्वांना एका मापाने मोजते आणि सुधारणाऱ्याला त्याचे श्रेय देते.

पाटीवर काय हवे

जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांना मालकांची नावे ठळकपणे लावण्याचा आदेश निघाला आणि २२ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. त्या वादाच्या राजकीय बाजूत न शिरताही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गिऱ्हाइकाला माहिती मिळाली पाहिजे, असा युक्तिवाद त्या वेळी हिरिरीने मांडला गेला. युक्तिवाद मान्य आहे. प्रश्न आहे तो कोणत्या माहितीचा. मालकाचे नाव आणि त्यावरून निघणारी जात वा धर्म यांवरून भाताचे तापमान कळत नाही आणि पाण्याच्या टाकीतले शेवाळ दिसत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या पाट्यांकडे परत जायचे नसेल, तर गिऱ्हाइकाला आधारासाठी दुसरी, खरी पाटी द्यावी लागेल. समाजाने माहितीची पोकळी ठेवली, की पूर्वग्रह ती भरून काढतो.

ही खरी पाटी देण्यासाठी नवा कायदा व्हावा लागेलच असे नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ प्रमाणे सार्वजनिक प्राधिकरणांनी आपण दिलेल्या परवान्यांचा तपशील स्वतः होऊन प्रसिद्ध करावयाचा आहे आणि नागरिकाला अर्ज करावा लागू नये इतकी माहिती आपणहून द्यावयाची आहे. ज्या महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी, २००२ मध्ये, माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, त्याला या कामी पुढाकार घेणे अवघड वाटू नये. व्यापारी गुपिताची सबब येथे चालणार नाही; मिसळीचा मसाला हे मालकाचे गुपित असू शकेल, भटारखान्यातील झुरळे नव्हेत. शिवाय २०१८ पासून तपासण्यांची नोंद संगणकावर करण्याची व्यवस्था केंद्रीय प्राधिकरणाने उभी केली आहे. कागद शोधण्याचा त्रासही राहिलेला नाही. कपाट उघडण्याचीच इच्छा हवी.

सुरुवात मोठ्यांपासून व्हावी. ज्यांना राज्याचा वा केंद्राचा परवाना लागतो, अशी उपाहारगृहे, घरपोच अन्न पुरवणारे भटारखाने, वसतिगृहे आणि शिक्षणसंस्थांची उपाहारगृहे यांचे मागील तीन तपासण्यांचे अहवाल सोप्या मराठीत दाराशी लावावेत आणि सार्वजनिक यादीतही ठेवावेत. त्यात तपासणीची तारीख, आढळलेले दोष, दिलेली मुदत आणि पूर्तता झाली की नाही, एवढे असले तरी पुरे. मालकाचे उत्तर त्याखालीच छापावे. दोष दूर केल्याचे कळवल्यापासून ठरावीक दिवसांत फेरतपासणी मिळणे हा त्याचा हक्क असावा. कोणत्या अधिकाऱ्याने कोठे जायचे, हे सोडतीने ठरावे, म्हणजे वर्षानुवर्षांचे संबंध जुळणार नाहीत. महापालिकेचा आरोग्य विभाग आणि अन्न व औषध प्रशासन यांच्या नोंदी एका जागी याव्यात. नाहीतर एकाने नापास केलेला दुसऱ्याच्या दाखल्यावर धंदा करीत राहतो. आणि प्रत्येक वर्षी, प्रत्येक जिल्ह्यात किती उपाहारगृहे तपासायची होती आणि किती तपासली, हा आकडाही जाहीर व्हावा. कारण जी तपासणी झालीच नाही, तिचा अहवाल कितीही उघडा ठेवला तरी तो कोराच राहणार. पुरेसे अधिकारी आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळा यांवर खर्च केल्यावाचून बाकीच्या सूचना कागदावरच राहतील.

याने एका रात्रीत अन्नबाधा थांबेल, असे कोणी सांगू नये. लॉस एंजेलिसच्या आकड्यांची गोष्ट त्यासाठीच ध्यानात ठेवायची. परंतु प्रामाणिक मालकाला आपला खर्च दाखवण्याची जागा मिळेल, बेपर्वा मालकाला आपली घाण लपवणे महाग पडेल आणि अधिकाऱ्याला आपल्या सहीची जबाबदारी घ्यावी लागेल. महिन्याच्या पहिल्या तारखेला मेसचे पैसे मोजणाऱ्या विद्यार्थ्याला, पैसे देण्यापूर्वी दोन मिनिटे भिंतीवरचा कागद वाचून ठरवता येईल. आज त्याच्या वतीने सरकारी अधिकारी भटारखान्यात जातो, पाहतो, लिहितो आणि लिहिलेले मालकाला दाखवून परत नेतो. जेवणारा तेवढा बाहेरच राहतो. तो अहवाल त्याच्या ताटाजवळ पोचवणे, एवढेच आता बाकी आहे.